चौथ्या भागावरची रेघ

आमच्या धाकट्या जावेने नोकरीच्या बावीस वर्षांत एकच मोठी चूक केली, आणि ती माझ्यावर केली. भर दुपारी, स्वयंपाकघरात, मी मटार सोलत असताना, निळ्या पेनाने. ती निस्तरायला तिला पाच आठवडे लागले आणि चपलांचे दोन जोड झिजले. मी सांगते ती हीच गोष्ट. मध्ये मध्ये तिला चार शब्द सुनावीन, तर सुनावू द्या. मी थोरली आहे, तेवढा हक्क आहे माझा.

ती मेडिकल कॉलेजात शिकवते. डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नव्हे, समाजशास्त्रातली. लग्न होऊन घरात आली तेव्हा शेजारचे एक आजोबा रोज सकाळी पाठदुखीवर औषध मागायला यायचे. पंधरा दिवस तिने समजावलं की मी तशी डॉक्टर नाही. सोळाव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "मग आहेस तरी कशाची?" ती म्हणाली, "माणसं आपली दुखणी का लपवतात, त्याची." आजोबा म्हणाले, "लपवतोय कुठे? रोज तर सांगतोय!" हसून हसून आमची पुरेवाट झाली.

त्यातून तिचा विषय तसला. कागदावर 'लैंगिक आरोग्य' लिहितात. गल्लीत तिला 'त्या विषयाच्या बाई' म्हणतात. सासूबाई होत्या तोवर, सून काय शिकवते असं कोणी विचारलं की त्या बेधडक 'नागरिकशास्त्र' सांगायच्या. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, वीज कंपनीत मीटर तपासतो. त्याला ऑफिसात लोक चिडवायचे, तर हा म्हणायचा, "तुमच्या घरचं मीटर बिघडलं की तिच्याकडेच पाठवीन." तसा तो कमी बोलतो, पण बोलला की असा.

तिचा पहिल्या दिवसाचा वर्ग मी एकदा दारात उभी राहून पाहिला. घराची किल्ली विसरली होती, ती द्यायला गेले होते. एकशे वीस पोरं-पोरी, आणि फळ्यावर तिने एकाखाली एक शब्द लिहिलेले: कपाळ, कोपर, गुडघा, घोटा. आणि त्याच रांगेत, त्याच अक्षरात, तेही शब्द. बाईचे, पुरुषाचे, सगळे. "एकेकाने उठायचं आणि सगळी यादी एकाच आवाजात वाचायची," ती म्हणाली. "कोपर ज्या आवाजात म्हणाल त्याच आवाजात पुढचंही." पहिला मुलगा घोट्यापर्यंत आला आणि खोकायला लागला. मागे खसखस पिकली. "पुन्हा," ती म्हणाली. अकरा वेळा पुन्हा म्हणाली. एकाने विचारलं, इंग्रजीत म्हटलं तर चालेल का? ती म्हणाली, "पेशंट इंग्रजीत दुखणं घेऊन येणार असेल तर चालेल." तासाच्या शेवटी वर्गात कोणी हसत नव्हतं. मी मात्र दारात घामाघूम झाले होते, आणि किल्ली न देताच परत आले.

इस्पितळाच्या तळघरात, धोबीखाना आणि मोडक्या खाटांची खोली यांच्या मधोमध एकोणीस नंबरची खोली आहे. गुप्तरोगाची ओपीडी. तिथे सगळे पुरुष. बायका फिरकायच्याच नाहीत. हिने चार वर्षं अर्जामागून अर्ज करून बुधवारची दुपार फक्त बायकांसाठी मिळवली. दारावर पाटी नको, हा तिचाच हट्ट. म्हणजे कोणी हटकलं तर बाईला सांगता यावं, धोबीखान्यात चाललेय म्हणून. अकरा वर्षं बायका अशा कपड्यांची पिशवी हातात घेऊन तिथे येत राहिल्या. पिशवीत बहुतेक वेळा एखादाच टॉवेल असायचा.

आता माझं सांगते. मी अठ्ठावन्न वर्षांची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा. घरी असला की चांगला होता, एवढंच बोलते. मी शिवणकाम करते: शाळेचे गणवेश, पडदे, इस्पितळाचे हिरवे झगे. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि एक दिवस कपड्यावर लाल डाग दिसला. म्हटलं, उष्णता असेल. महिन्याने पुन्हा दिसला. मग दर पंधरा दिवसांनी. दोन वर्षं मी तो सगळ्यांच्या आधी उठून धूत होते. शिवणाच्या चिंध्यांना काही तोटा नव्हता. सांगणार कोणाला? विधवा बाई, साठीला टेकलेली, आणि म्हणे अंगावरून लाल जातं. लोकांच्या जिभेला हाड असतं का? 'हिचं बाहेर काहीतरी असणार' म्हणायला किती वेळ लागतो? मग अळीमिळी गुपचिळी. आणि त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, बायका हे असलंच का लपवतात यावर धाकटी ही जाडी जाडी पुस्तकं वाचत बसलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या वर्षी कॉलेजच्या डीनसाहेबांनी विचारलं, बुधवारी एक डॉक्टर आणि एक नर्स अडकून पडतात, खरंच कोणाला गरज आहे का? पाहणी करा. धाकटीला हवंच होतं. आसपासच्या चार वस्त्यांमधल्या सहाशे चाळीस बायकांना घरी जाऊन प्रश्न विचारायचे ठरले. विचारायला सहा तरुण मुली घेतल्या आणि एक निवृत्त नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणतात. फॉर्मचे चार भाग. पहिल्यात वय वगैरे, दुसऱ्यात घरची माणसं, तिसऱ्यात साधी दुखणी, आणि चौथा 'खासगी आरोग्य', प्रश्न बावीस ते एकतीस.

छापायच्या आधी तिला एक फॉर्म भरून बघायचा होता. दुपारी आली स्वयंपाकघरात. "वहिनी, दहा मिनिटं द्या."

"घे की. हात गुंतलेत, तोंड मोकळं आहे."

पहिला भाग झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात मी गुडघे सांगितले, डोळे सांगितले. मग तिने पान उलटलं आणि मला ते शीर्षक दिसलं. खरं सांगते, त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं: हिने विचारलं तर सांगून टाकायचं. शेंग हातात तशीच धरून बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. माझे पांढरे केस पाहिले. मग बावीसपासून एकतीसपर्यंत एक तिरकी रेघ ओढली, शेजारी लिहिलं 'लागू नाही', खाली सही केली. "झालं. सुटलात!" म्हणाली आणि उठून गेली.

सुटले तर खरीच. हायसं वाटलं. आणि पुढच्याच मिनिटाला असा संताप आला की मटाराचं भांडं आपटलं. लागू नाही म्हणजे काय? नवऱ्याबरोबर माझं अर्धं शरीरही नेलं का कोणी? पण बोलले नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं तरी कसं?

चार महिन्यांनी पाहणी संपली, अहवाल गेला, आणि एका संध्याकाळी ती हातात कागद घेऊन मरगळलेली घरी आली. बुधवारची वेळ निम्मी करायची, पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना तिथून वगळायचं, असा प्रस्ताव होता. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला समिती त्यावर शिक्का मारणार होती. "त्या वयाच्या बायकांमध्ये तक्रारी जवळजवळ नाहीतच," ती म्हणाली. "आकडे माझेच आहेत, वहिनी. मी कोणत्या तोंडाने भांडू?"

आणि मी तर मनात घोकत होते की एखाद्या बुधवारी टॉवेलची पिशवी घेऊन आपणही जाऊ. या बुधवारी नाही तर पुढच्या. आता पुढचा बुधवारच राहणार नव्हता.

दोन दिवसांनी तिने भरलेले फॉर्म घरी आणले. कॉलेजात जमा करायचे तर पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे हवे होते, आणि स्टेपलरची पिन इतक्या कागदांतून आरपार जात नव्हती. मी म्हटलं, ठेव इथे, दाभणाने शिवून देते. शिवताना पान सरळ करावं लागतं, आणि सरळ करताना डोळ्यांना दिसतंच. तिसऱ्या गठ्ठ्यात माझं दाभण थांबलं. बावन्न वर्षं, चौथ्या भागावर रेघ. एकोणसाठ वर्षं, रेघ. सेहेचाळीस वर्षं, नवरा हयात, तरी रेघ. अक्षर वेगवेगळं, पण रेघ तीच, तशीच तिरकी, आणि शेजारी तेच दोन शब्द. मी मागचे गठ्ठे उसवून पाहिले. कोणी कोणाला काही विचारलंच नव्हतं.

आता बोलायचं म्हणजे स्वतःचं सांगायचं, हे मला कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण माझ्या मुठीत होतं काय? चिंध्या! दाभण खाली ठेवलं आणि ते गठ्ठे उचलून तिच्या खोलीत नेले. ती पेपर तपासत होती. पेपरांवरच आदळले.

"हे काय आहे?"

तिने पाहिलं. "लागू नाही, म्हणून..."

"कोणी ठरवलं?"

"त्या वयाच्या बायकांना, वहिनी... मुलींनी विचारलं असेल, त्या नाही म्हणाल्या असतील, मग..."

"माझ्या फॉर्मवर तुझी सही आहे. तू मला विचारलंस?"

तिने पुढची दोन-तीन पानं उलटून पाहिली. मला आतून भरून आलं होतं, पण आवाज मात्र चढलेलाच निघाला. "मला अंगावरून लाल जातं. दोन वर्षं झाली. आता लिही तिथे, लागू आहे की नाही ते!"

तिने चष्मा काढला. मला वाटलं रडणार. रडली नाही. "किती दिवसांनी? दुखतं का? वजन उतरलंय..." असं घाईघाईने विचारायला लागली आणि मध्येच थांबली. उठून पिशवीतून कोरा फॉर्म काढला, मला खुर्चीवर बसवलं, समोर स्टूल घेऊन बसली. "प्रश्न बावीस," म्हणाली. आवाज वर्गातला होता.

दहाच्या दहा प्रश्न क्रमाने. सत्ताविसावा होता, गेल्या वर्षभरात कोणाशी शरीरसंबंध आला का. मी म्हटलं, "तो सोड."

"नाही. एकदा सोडलाय."

"नाही आला. पण विचारलंस ते बरं केलंस."

शेवटचा, एकतिसावा: हे सगळं तुम्ही याआधी कोणाला सांगितलंत का? मी म्हटलं, "आत्ता. तुला." तेव्हा तिचं पेन थांबलं आणि मग ती रडली. "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल," म्हणाली.

"मला नाही गं," मी म्हटलं, "तुला वाटली."

बुधवारी ती मला एकोणीस नंबरला घेऊन गेली. मी पिशवी नेली नाही, तेवढाच माझा ताठा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच वर स्त्रीरोग विभागात पाठवलं. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, आतला तुकडा तपासायला घेतला. पंधरा दिवसांनी कळणार होतं.

इकडे हिने घरातलं जेवणाचं टेबल बळकावलं आणि एकेक फॉर्म मोजला. पंचेचाळीसवरच्या बायका तीनशे बारा. त्यातल्या दोनशे सत्त्याऐंशी फॉर्मांवर रेघ. उरलेले पंचवीस सगळे सिस्टरचे. सिस्टरने प्रत्येकीला प्रत्येक प्रश्न विचारला होता, आणि पंचविसातल्या अकरा जणींना काही ना काही होतं. अहवालात हिनेच त्याबद्दल तळटीप लिहिली होती, की विचारणारी नर्स असल्याने तक्रारी जास्त सांगितल्या गेल्या असाव्यात! म्हणजे जिने काम केलं तिलाच चुकीचं ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी तिला तसं सांगितलंही, आणि ती म्हणाली, "बोला वहिनी, अजून बोला."

पण मुली तरी सगळ्या एकसारख्या कशा चुकल्या? सिस्टरला घरी बोलावलं तेव्हा उलगडा झाला. सिस्टर म्हणाली, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही भिंतीवर नमुना लावला होतात ना, नाव झाकून? फॉर्म असा भरायचा म्हणून. त्यात अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या चौथ्या भागावर रेघ होती. पोरींना वाटलं, पद्धतच ती. शिवाय त्यांनाही बरंच पडलं. आईच्या वयाच्या बाईला असलं विचारायचं म्हणजे..."

"आणि तुम्ही का नाही रेघ मारलीत?" धाकटीने विचारलं.

"मी स्वतः चौसष्ट वर्षांची आहे, मॅडम," सिस्टर म्हणाली. "मला माहीत आहे काय काय असतं ते."

तो नमुना माझा फॉर्म होता. मटार सोलतानाचा. एकशे वीस पोरांकडून ते शब्द वदवून घेणारी बाई आपल्या जावेपुढे लाजली, आणि ती लाज तिने स्वतःच्या हाताने भिंतीवर लावून सहा जणींना शिकवली.

दुसऱ्या दिवशी ती डीनसाहेबांकडे गेली. मी माझ्या तपासण्यांसाठी इस्पितळातच होते, त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं, आणि मी काही कानात बोळे घालून बसले नव्हते.

"अहवालावर सही तुमची, आणि आता तुम्हीच म्हणता तो चुकीचा?"

"हो सर. पंचेचाळीसच्या वरचा भाग मी मागे घेते."

"लोक हसतील, बाई."

"हसू देत."

"तुमच्या बढतीची फाईल माझ्या टेबलावर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. असू दे तिथेच. मला अठ्ठाविसापर्यंत वेळ द्या. सगळ्यांना पुन्हा विचारते."

"पाच आठवड्यांत तीनशे घरं?"

"दोनशे सत्त्याऐंशी," ती म्हणाली.

मुलींची मुदत संपली होती, त्या आपापल्या वाटेने गेल्या होत्या. उरलो आम्ही तिघी: धाकटी, सिस्टर आणि मी. शनिवारी तिचे वर्ग, तो दिवस सोडून रोज दुपारी चारला निघायचं. मी म्हटलं, मी आधी माझं सांगते, म्हणजे बायका मोकळ्या होतील. तिने साफ नाही म्हटलं. आपलं सांगितलं की समोरचीचं उत्तर वळतं, तो शास्त्राचा नियम आहे म्हणे. मग माझं काम काय? तर घरातली बाकीची माणसं बाजूला काढणं. सासूला प्रश्न विचारायचा आणि सून कडेला उभी, असं असलं तर कोण बोलणार? मी टेप काढायची. "ये गं, तुझं माप घेऊन ठेवते, गणवेश नाही तर नाही, ब्लाउजचं तरी." सुनेला घेऊन बाहेरच्या खोलीत जायची आणि अर्धा-अर्धा तास खांदा मोजत बसायची. एका घरात तर मुलगाच हलेना, त्याचंही पँटीचं माप घेतलं. पाच आठवड्यांत माझ्या वहीत एकशे साठ मापं जमली.

काय काय ऐकलं तिने! मला नावं सांगत नसे, घरंही नाही. पण कधी कधी परत येताना तिला हसू आवरायचं नाही. एकसष्ट वर्षांची एक विधवा सत्ताविसाव्या प्रश्नावर म्हणाली होती, "आहे एक. दोन वर्षं झाली. पहिल्या वेळी तुमच्या पोरीने विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, पण तिने मला गुडघे दुखतात का तेवढंच विचारलं." एक बाई तीनदा दार लावून मोकळी झाली. धाकटी चौथ्यांदा गेली. मी म्हटलं, अगं, किती लोचटपणा करायचा! ती म्हणाली, "मी तिच्या फॉर्मवर रेघ मारली तेव्हा तिला विचारलं होतं का? मग आता चारदा नको म्हणण्याचा तिला हक्क आहे." चौथ्या वेळी बाईने दार उघडलं, आणि दीड तास उघडंच ठेवलं.

आणि एका दारात सूनच पुढे आली. म्हणाली, सासूबाई गेल्या. दीड महिना झाला. काय झालं होतं, विचारलं तर आवाज खाली आणून म्हणाली, "अंगावरून लाल जायचं म्हणे. आम्हाला शेवटी कळलं. लपवून ठेवलं होतं त्यांनी." धाकटीने हातातला जुना फॉर्म पाहिला. त्रेपन्न वर्षं, चौथ्या भागावर रेघ. ती खाली आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मीही बसले. खोटा धीर द्यायची माझी जीभ नाही. "विचारलं असतं तर ती वाचलीच असती असं नाही," एवढं मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तिला कोणीतरी विचारलं असतं," ती म्हणाली. मग उठली, पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

दरम्यान माझा रिपोर्ट आला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण सुरुवात होती. पिशवी काढायची, आणि लवकर. तारीख मिळाली सव्वीस. दीर बिचारा दिवसभर इस्पितळात येरझारा घालत होता, जणू मीटर वाचायला आलाय. ऑपरेशन नीट झालं. अठ्ठाविसाच्या सकाळी डोळे उघडले तर धाकटी खाटेशी बसलेली, मांडीवर मी शिवलेले नवे गठ्ठे. अकराला बैठक होती आणि साडेदहा वाजले होते.

"तू अजून इथे?"

"तुम्हाला ताप आहे, वहिनी. सिस्टर जाऊन वाचेल."

"सही सिस्टरची आहे का?" मी म्हटलं. बोलताना टाके ओढत होते, पण राग आला की मला काही दुखत नाही. "इथे बसून काय करणार, टाके मोजणार? तू ओढलीस ना ती रेघ? मग पूस तूच. ऊठ!"

ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मग गेली.

बैठकीचं मला नंतर सिस्टरने सांगितलं. हिने आकड्यांच्या आधी स्वतःची चूक वाचली: मी कोणाला काय विचारलं नाही, का नाही, आणि तो नमुना भिंतीवर कसा लावला. कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी हसलंही. ती थांबली, हसू संपू दिलं, आणि पुढे वाचलं. दोनशे सत्त्याऐंशीपैकी एकोणीस जणी गाव सोडून गेल्या, तीन वारल्या, चौदा जणींनी सांगायला नकार दिला. उरल्या दोनशे एक्कावन्न. त्यातल्या एकशे चार जणींना त्रास होता. त्यापैकी त्र्याऐंशी जणींनी तो याआधी कोणालाही सांगितला नव्हता. डीनसाहेबांनी शेवटचा आकडा पुन्हा वाचायला लावला. मग पेन उघडलं आणि प्रस्तावातली वयाची ओळ खोडली.

बुधवार पुरा राहिला. खोली अजून तळघरातच आहे, धोबीखान्याशेजारी. बढतीची फाईल अजून टेबलावरच आहे. त्या टेबलाला भोक पडेल तेव्हा खाली येईल. धाकटी त्याबद्दल बोलत नाही. मी बोलते.

टाके निघून दोन महिने झाल्यावर ती एक दिवस म्हणाली, "वहिनी, शनिवारी वर्गावर याल? नाही म्हणालात तरी चालेल."

"करायचं काय?"

"बसायचं. पोरं विचारतील."

गेले. नवी बॅच, पुन्हा एकशे वीस. फळ्यावर तीच यादी, कपाळापासून. आणि फळ्याशेजारी तिने एक कागद टाचून ठेवला होता. माझा जुना फॉर्म, मटाराच्या दुपारचा, तिरकी रेघ आणि खाली तिची सही. नाव माझं झाकलेलं, सही उघडी. "ही चूक मी केली," तिने वर्गाला सांगितलं, "आणि यांच्यावर केली. यांना विचारूनच तुम्हाला सांगतेय." मी पुढच्या खुर्चीत बसले होते. एकशे वीस जोड डोळे माझ्याकडे वळले. बाई गं, लग्नातसुद्धा एवढ्या लोकांनी पाहिलं नव्हतं.

एका मुलीला पुढे बोलावलं. वीस-एकवीसची, दोन वेण्या, हातात फॉर्म. पहिला भाग, दुसरा, तिसरा, छान विचारत गेली. मग पान उलटलं. माझ्याकडे पाहिलं, माझे केस पाहिले, आणि तिचं पेन आपसूक कागदावर तिरकं झालं. धाकटी मागे उभी होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. पोरगी थबकली. मान खाली घालून बाविसावा प्रश्न पुटपुटली, तिचा तिलाच ऐकू आला नसेल.

"मोठ्याने विचार, पोरी," मी म्हटलं. "मागच्या बाकावर ऐकू जात नाहीये."

तिने मान वर केली आणि विचारलं. मी उत्तर दिलं, कोपर म्हणावं तशा आवाजात.